कारखाना आणि घरातलं काम: आरोग्य तपासणीला निघताना

तपासणीला कोणत्या दिवशी जायचं हे आपल्या मराठवाड्यात नळ ठरवतो. नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर फरशी धुतलेली, रांजण काठोकाठ आणि संडासात बादली भरलेली दिसते. नळ यायच्या आदल्या दिवशी गेलात तर खरं काय ते कळतं. तेव्हा आधी त्या वॉर्डात पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन करून पाण्याची पाळी विचारून घ्या, आणि मग तारीख ठरवा.

मी नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरी केली. दाल मिल, जिनिंग, खव्याच्या भट्ट्या, पापड लाटणाऱ्या बाया, घरात माग टाकून पैठणी विणणारे, सगळीकडे वही घेऊन फिरले. नव्यानं रुजू झालेले निरीक्षक, आरोग्य सेवक-सेविका आणि बचत गटांच्या ताई यांच्यासाठी हे लिहिते आहे. कारखान्याचे मालक वाचणार असतील तर त्यांनाही यात बरंच सापडेल.

आपला अधिकार कुठवर

दारात उभं राहून हुकूम सोडण्याआधी आपण कोण आहोत ते माहीत हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० आणि विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी ४० कामगार असले की तो कारखाना. तिथली यंत्रं, धूळ, उष्णता, कामाचे तास हा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा विषय, ज्याला सगळे ‘डिश’ म्हणतात. खाण्याचा पदार्थ बनत असेल तर अन्न व औषध प्रशासन. धुराडं आणि रंगाचं सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. नगरपरिषदेच्या माणसाच्या हातात पाणी, गटार, कचरा, डासांची पैदास, उपद्रव आणि साथीचा आजार उरतो.

हे थोडं वाटतं, पण थोडं नाही. वीसपेक्षा कमी माणसांची शेड आणि चार भिंतींतलं घर या दोन्ही ठिकाणी बाकी कुणी फारसं फिरकत नाही. तिथं पहिलं पाऊल आपलंच पडतं. आपल्या हातात नसलेली गोष्ट दिसली तर ती लिहून त्या खात्याला पाठवा, आवक क्रमांक घ्या आणि तो वहीत चिकटवून ठेवा. ‘तोंडी सांगितलं होतं’ याला पुढे काही किंमत राहत नाही.

पिशवीत काय असावं

टॉर्च, पाच मीटरचा टेप, पाण्यातला क्लोरीन तपासायचा क्लोरोस्कोप आणि ऑर्थोटोलिडीनची बाटली, अळ्या बघायला पांढरी वाटी, जाड पुठ्ठ्याची वही आणि एक कोरा पांढरा कागद. कागद लिहायला नाही. आत शिरताच तो एखाद्या पोत्यावर किंवा टेबलावर पसरून ठेवायचा आणि निघताना उचलायचा. तासाभरात त्यावर जे बसलं असेल तेच माणसांच्या छातीत जातं आहे. मोजमापाची यंत्रं डिशकडे असतात, पण मुकादमाला दाखवायला हा कागद पुरतो.

कारखान्यात: ऑफिसात बसू नका

मालक आधी ऑफिसात बसवतो, चहा येतो, रजिस्टरं समोर येतात. नम्रपणे सांगा, ‘आधी फिरून येते, मग बसू.’ आणि थेट पिण्याच्या पाण्याकडे जा.

पाणी कुठून येतं ते विचारा: बोअर, नळ की टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या माणसाला टँकर काय असतो ते सांगायला नको. पण टँकर कुठल्या विहिरीवर भरला आणि त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली का, हे विचारायची सवय अजून लागलेली नाही. क्लोरोस्कोपच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका, हलवा आणि लगेच रंग पट्टीशी जुळवा. उशीर केला तर संयुक्त (पाण्यातल्या घाणीशी आधीच जुळलेला) क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. नळाच्या तोंडाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा, साथ चालू असेल तर ०.५. रंगच आला नाही तर टाकी मोजा. १००० लिटरला ५ ग्रॅम चांगली टीसीएल लागते. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं. टीसीएलचं पोतं उघडंच पडलेलं असेल तर तिच्यात जोर उरलेला नसतो, हेही सांगा. तपासलेलं पाणी परत टाकीत ओतू नका.

मग अंतर. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी, संडास, उघडं गटार यांपासून सहा मीटर लांब ठेवायला सांगितलं होतं. टेप काढा आणि मोजा. पाण्याच्या टाकीवरची पाटी कामगारांना वाचता येणाऱ्या भाषेत हवी. वाळूज-शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या शेडमधली किती तरी माणसं मराठी वाचत नाहीत.

संडासाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि तुम्हीही द्या. बायका कामाला असतील तर त्यांचा वेगळा आहे का, आतून कडी लागते का, आत पाणी आहे का, उजेड आहे का, आणि किल्ली कुणाकडे आहे. किल्ली मुकादमाच्या खिशात असेल तर तो संडास नसल्यासारखाच. बाई दर वेळी पुरुषाकडे किल्ली मागायला जात नाही. ती पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप, पाठीत कळ. दवाखान्यात गेल्यावर ‘पाणी जास्त प्या’ म्हणतात आणि ती मान हलवून घरी येते. हे कळायला एकच प्रश्न पुरतो, पण तो बाईनं बाईला, बाजूला घेऊन विचारावा लागतो: ‘सकाळपासून किती वेळा जाऊन आलात?’ एका शेडमध्ये अकरा बायकांना विचारलं. नऊ जणींचं उत्तर होतं, ‘घरी गेल्यावर.’ त्या दिवशी माझ्या अहवालात फरशी, चुना, जाळी-जळमटं यांच्या आधी हे वाक्य आलं.

हवा आणि गर्दी यांचा हिशेब सोपा आहे. त्याच जुन्या अधिनियमानं माणशी १४.२ घनमीटर जागा धरली होती, आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची मोजायची नाही असं सांगितलं होतं. शेड ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि पत्रा साडेपाच मीटरवर असेल तरी ६ गुणिले ५ गुणिले ४.२ एवढंच धरायचं: १२६ घनमीटर, म्हणजे आठ माणसं. तिथं वीस दिसली तर वाद घालत बसू नका. वहीत हे गणित मालकासमोर मांडा.

धुळीचं म्हणाल तर जिनिंगमध्ये ‘खोकला येतो का’ असं विचारून उपयोग नाही, सगळेच ‘येतो’ म्हणतात. ‘सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते का, आणि पुढं आठवडाभरात कमी होते का?’ असं विचारा. कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस असाच सुरू होतो, आणि तेव्हाच माणसाला त्या धुळीतून बाजूला काढलं तर तो वाचतो. हा नोंद करून कळवायचा व्यवसायजन्य आजार आहे, तपासणाऱ्या डॉक्टरनंसुद्धा. तोंडाला बांधलेलं उपरणं बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क लागतो, आणि त्याआधी धूळ ओढून घेणारा पंखा. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर क्षयासाठी बेडका तपासणीची चिठ्ठी द्या. ती फुकट होते. निकाल मालकाला सांगू नका, तो त्या माणसाचा आहे.

जालन्याच्या बाजूला लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मे महिन्यात दुपारी जा. भट्टीपासून थंड पाणी किती पावलांवर आहे ते मोजा, ओआरएसची पाकिटं कुठं आहेत ते हातात घेऊन बघा. उन्हानं-भट्टीनं बरळायला लागलेल्या माणसाला आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी मारायचं आणि तेव्हाच १०८ ला फोन करायचा, हे पाळीतल्या दोघांना तरी तोंडपाठ पाहिजे. भूमकडच्या खवा भट्ट्यांत मुख्य प्रश्न धुराचा. धुराडं छपराच्या वर जातं का आणि दूध आटवणाऱ्याचे डोळे लाल आहेत का, एवढं आधी पाहा.

गोदामातल्या गोळ्या

माझी एक चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये. एका गावात, मिलचं नाव घेत नाही, मी तपासणी करून आले. पाणी पाहिलं, गटार पाहिलं, सही घेतली. मागची हमालांची खोली पाहिली नाही, कारण मुकादम म्हणाला, ‘तिथं काय नाही मॅडम, पोरं झोपतात.’ पंधरा दिवसांनी त्यातल्या दोघांना रात्रभर उलट्या, डोकं फुटायची वेळ, श्वास लागलेला. सगळे पित्त म्हणत होते. मी परत गेले तेव्हा दिसलं की गोदाम आणि खोली यांची भिंत एकच, आणि भिंत पत्र्याला टेकलेली नाही. वर वीतभर फट. गोदामात डाळीच्या थप्प्यांना कीड लागू नये म्हणून गोळ्या लावलेल्या. दोघं वाचले. पण ती फट पहिल्या दिवशीही तिथंच होती.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, पण वास नाही म्हणून वायू नाही असं धरू नका. त्यावर उतारा नाही. म्हणून धान्य-डाळीच्या प्रत्येक ठिकाणी हे विचाराच: गोळ्या कोण लावतो आणि त्याला शिकवलं आहे का, थप्पी ताडपत्रीनं कडेला वाळूच्या पिशव्या ठेवून झाकतात का, दारावर तारखेसह धोक्याची पाटी लागते का, उघडल्यावर किती वेळ वारं खेळू देतात, आणि त्या भिंतीच्या पलीकडे कोण झोपतं. शेवटचा प्रश्न विचारून थांबू नका, पलीकडे जाऊन पाहा. उरलेली भुकटी बंद खोलीत पाणी मारून धुऊ नये, त्यातूनही वायू सुटतो. घरात ज्वारीच्या कणगीत याच गोळ्या टाकून त्याच खोलीत लेकरं झोपवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. तिथं हात जोडून सांगा.

‘बाहेर कोणतं काम जातं?’

आता बसा मालकासमोर आणि हा प्रश्न विचारा. लाटायला पीठ, शिवायला कापड, वळायला उदबत्तीचा मसाला, निवडायला डाळ, चिकटवायला पाकिटं: काय बाहेर जातं, कुणाच्या हातून, कोणत्या गल्लीत?

तपासणीतली ही पायरी बहुतेक जण गाळतात. इंग्लंडमध्ये १९०१ च्या कारखाने कायद्यानं मालकांवर घरी काम देतात त्या माणसांची नावं-पत्ते स्थानिक कौन्सिलकडे द्यायची सक्ती केली होती. कौन्सिलचा आरोग्य अधिकारी त्या घरी जायचा. घर कामाला अपायकारक दिसलं तर नोटीस घरातल्या बाईला नाही, काम देणाऱ्या मालकाला जायची. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती दिशा मला आजही बरोबर वाटते. घरी बसून मालकाचं काम करणाऱ्या कामगारांवरचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारतानं अजून स्वीकारलेला नाही. पण यादी मागायला आपल्याला कोण अडवतं? मालक देईल न देईल, पिठाचा टेम्पो कोणत्या गल्लीत थांबतो ते आशाताईला ठाऊक असतं.

घरात जाताना

घर हे कुणाचं तरी घर आहे. आधी आशाताईच्या हातून निरोप पाठवा, दिवसाउजेडी जा, बरोबर बाई असू द्या, फोटो विचारून काढा. दारात ‘तपासणी’ हा शब्द काढला की हातातलं लाटणं लपतं आणि ‘आमी घरच्यापुरतंच करतो’ सुरू होतं. मी आधी बसते आणि पाणी मागते. ते पाणी रांजणातून ओगराळ्यानं काढलं की हातातला पेला तसाच बुडवला, रांजण ओट्यावर आहे की न्हाणीच्या कडेला, वर झाकण आहे की नुसतं ताट, हे सगळं न विचारता दिसतं. पेला बुडवला असेल तर तोंडावर बोलू नका. निघताना ओगराळ्याचा विषय काढा.

नंतर साठवण. दहा-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या घराला ‘आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करा’ असं सांगणं म्हणजे त्या बाईचा अपमान आहे. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडतो, आणि पाणी येण्याचं अंतरही तेवढंच. म्हणून पिंप-बॅरलला जुन्या सुती धोतराचं-साडीचं कापड दोरीनं घट्ट बांधायला सांगा, आणि पाणी संपेल त्या दिवशी आतली कड काथ्यानं घासायला सांगा. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं ओतून दिल्यानं ती जात नाहीत. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. हिवताप विभागाकडून मिळतात.

आता काम. पापडाचं घर घेऊ. दहा बाय बारा फुटांची खोली, नऊ फूट उंच, म्हणजे ३० घनमीटरच्या आसपास. कारखान्याच्या मापानं दोन माणसांची जागा. तिथं पाच बाया पोळपाट घेऊन गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असतात, मध्ये लाट्यांची परात, कोपऱ्यात पाळणा. मी एकीला म्हणाले, ‘मावशी, लेकरू तेवढं बाजूला ठेवा, पीठ उडतंय.’ ती म्हणाली, ‘बाहीर ऊन हाय, माडीवर पापड हायत, कुठं ठिवू माय?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी आधी खोलीत हिंडून उत्तर शोधते आणि मग सूचना करते. कधी दार-खिडकी समोरासमोर उघडली की भागतं. कधी गटाला समाजमंदिराची खोली दुपारपुरती मिळते.

बघायचं ते असं: हात धुवायला साबण परातीच्या जवळ आहे का, की मागच्या दारी. नखं. कुणाला जुलाब, कावीळ, हाताला पिकलेली जखम. तसं असेल तर बरं होईपर्यंत पिठाला हात नको. लाट्यांवर ओलं फडकं कसलं आहे आणि ते कधी धुतलं. माळवदावर किंवा धाब्यावर वाळत घातलेल्या पापडांखाली स्वच्छ कापड आणि वर जाळी आहे का, कबुतरं बसतात का, शेजारी चिलटांचा उकिरडा आहे का. विकायला करत असतील तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला ती ‘फॉसकॉस’ पोर्टलवर सोपी आणि स्वस्त आहे. जवळ बसून भरून द्या, नुसतं सांगून निघू नका. नमुना घ्यायचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचाच. तो नमुन्याचे पैसे देतो आणि चार भाग करून सील करतो, हे बाईंना आधी माहीत असलं की त्या घाबरत नाहीत.

पैठणच्या विणकराकडे प्रश्न निराळे. खड्ड्याच्या मागात पाय दिवसभर ओल्या गारठ्यात असतात, मान वाकलेली, रेशमाचा तार डोळ्यापुढे. दिवा मागे आहे की डाव्या-उजव्या अंगाला, खड्ड्याला ओल येते का, शेवटचे डोळे कधी तपासले, आणि घरात सूत रंगवत असतील तर रंगाची पातेली स्वयंपाकाच्या पातेल्यांत मिसळतात का, ते पाहा. बिडी किंवा उदबत्ती वळणाऱ्या घरात एकच गोष्ट सगळ्यांत आधी: तंबाखू, कोळशाची भुकटी झोपायच्या खोलीत साठवू नये आणि लहान मुलांच्या हाती वळायचं सूप देऊ नये. शाळेतून आल्यावर मुलानं घरच्या साध्या कामात हात लावणं कायद्याला चालतं. पण वळायला बसलेलं मूल दिसलं तर १०९८ वर (मुलांच्या हेल्पलाइनवर) कळवा.

कागद कुणाच्या नावावर

माझं सगळं सांगणं इथं येऊन थांबतं. घरातल्या तपासणीचा कागद त्या बाईच्या नावावर संपता कामा नये. जाळी, मास्क, झाकणाचा डबा, चांगला दिवा यांचा खर्च शेकड्यावर पापड लाटणाऱ्या बाईनं करायचा आणि नफा टेम्पोवाल्यानं न्यायचा, हे आरोग्याच्या नोंदीत तरी बसू देऊ नका. तिच्याकडे सूचना प्रेमानं आणि तोंडी द्या. लेखी पत्र माल देणाऱ्याला द्या: अमुक गल्लीत तुमचं काम चालतं, इतकी घरं, प्रत्येक घरी जाळी, झाकणाचे डबे, मास्क अमुक तारखेपर्यंत द्यावेत. घरांची नावं पत्रात लिहू नका, संख्या लिहा. नाव कळलं की त्या घराचं काम बंद होतं, हे मी दोनदा पाहिलं आहे. तक्रार करणारीचं नाव तर कुणालाच नको. भारतानं १९४९ मध्ये स्वीकारलेल्या कामगार तपासणीच्या आंतरराष्ट्रीय करारातसुद्धा तक्रारीचा उगम गुप्त ठेवायला सांगितलं आहे.

त्याच बैठकीत बाईचं ई-श्रम कार्ड आहे का ते विचारा. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला ते काढता येतं, आणि आधार, बँक खातं व मोबाईल पुरतो. कामाच्या ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयची (कामगार विम्याची) कार्डं मागा. पगारातून पैसे कापले जातात आणि कार्ड हातात नाही, अशी माणसं दर वेळी दोन-चार निघतात.

पुन्हा जाताना

दुसरी भेट तीन आठवड्यांच्या आत, आणि तीही न सांगता, निदान कारखान्यात तरी. पहिल्या भेटीतले आकडे वहीत समोर ठेवा: क्लोरीन किती होता, टेपनं किती मीटर आले, कागदावर किती धूळ होती. तेच पुन्हा मोजा. भिंतीला चुना दिसला तर दरवाज्यामागे आणि पोत्यांच्या थप्पीमागेही टॉर्च मारा, चुना बहुधा दर्शनी बाजूलाच असतो. हमालांच्या खोलीत जाऊन छताखालच्या फटीकडे पाहा. बायकांच्या संडासाची कडी स्वतः आत जाऊन लावून बघा, आणि मागच्या वेळी जिच्याशी बोलला होतात तिलाच बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारा: सकाळपासून किती वेळा?